बारा चाव्या, सहा कुलपं : एका अभिप्रायाचं प्रकरण

आमच्या वाचनगटात एक रिवाज आहे. अलीकडे आलेल्या कवितासंग्रहांपैकी एकेक ज्याने-त्याने घरी न्यायचा आणि पुढच्या बैठकीत त्यावर हजारेक शब्दांचा अभिप्राय वाचून दाखवायचा. समीक्षा कोणी मागत नाही. वाचताना आपलं काय झालं ते लिहावं, एवढीच अट. ही अट ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्षात गटातल्या बहुतेक भांडणांचं मूळ तीच आहे.

हे प्रकरण अशाच एका अभिप्रायाचं. लिहिणारे गृहस्थ पन्नाशीचे, पेशाने हिशेबतपासनीस. वाचन दांडगं, पण ते कादंबऱ्यांचं आणि चरित्रांचं. कवितेच्या वाटेला शाळेनंतर फारसे गेलेले नव्हते. त्यांच्या वाट्याला आला तो 54 कवितांचा संग्रह. तीन विभाग, आणि तिन्हींचा विषय एकच : एका घराचं विकलं जाणं. या गृहस्थांनी वर्षभरापूर्वीच आपल्या आईवडिलांचं घर विकलं होतं. गटात हे कोणालाच माहीत नव्हतं.

संग्रह, कवी आणि वाचक यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. खाली दिलेली कविताही मूळ कविता नाही, ती या लेखासाठी मी रचली आहे. वाचनाचा जो पेच मूळ कवितेत पडला, तोच हिच्यात पडावा एवढी काळजी घेतली आहे. शीर्षक ‘चाव्या’.

बारा चाव्यांचा जुडगा, कुलपं सहा.
उरलेल्या कशाच्या ते सांगायला कोणी नाही.
एकीला निळा दोरा, एकीला चिकटपट्टी,
एकीवर खिळ्यानं कोरलंय ‘कोठी’.
घरात कोठी नाही.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
सगळ्यात वरची माझ्या खांद्याला लागते.
त्यानंतर वाढ थांबली, की मोजणं?
रंगारी विचारतो, मारू का हात यावरून?
मी म्हणतो, उद्या बघू.

रात्री एकेक चावी एकेका कुलपात घालून पाहतो.
एक जाते, फिरत नाही.
सकाळी शेजारच्या आजी कठड्यावरून हाक मारतात
चुकीच्या नावानं.
मी ओ देतो.

पुढे जाण्याआधी ही कविता आणखी एकदा वाचून घ्यावी. पुढचं सगळं हिच्याभोवतीच फिरतं.

पहिला खर्डा

बैठकीत वाचला गेलेला अभिप्राय अकराशे शब्दांच्या आसपास होता. त्यातले जेमतेम दीडशे शब्द कवितेवर, तेही एकाच कवितेवर. बाकी सगळं त्यांचं घर, त्यांचे वडील, घर रिकामं करतानाचे दिवस, बहिणीशी झालेली बोलाचाली. त्यातला हा तुकडा त्यांच्या परवानगीने :

“‘चाव्या’ वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. आमच्याही जुडग्यात अशा बिनकामाच्या चाव्या होत्या. बाबा एकही टाकू देत नसत. चौकटीवरच्या रेघा माझ्या आणि बहिणीच्या. कवीने जणू आमच्याच घरात बसून हे लिहिलं. शेवटी शेजारच्या आजी चुकीच्या नावानं हाक मारतात, तिथे मात्र राहवलं नाही. ज्यांच्या अंगणात वाढलो त्यांनाही आपलं नाव आठवू नये!”

वाहवा झाली, आणि ती खोटी नव्हती. गद्य चांगलं होतं. वडिलांवरचा परिच्छेद तर मी आजही कोणाला वाचून दाखवीन. पण वाहवा ओसरल्यावर गटातल्या सगळ्यात तरुण सभासदाने पुस्तक चाळत विचारलं, “पण काका, ‘घरात कोठी नाही’ असं म्हणतोय तो. तुमच्या घरात पूर्वी कोठी होती की नव्हती, हे तुम्हाला माहीत नसतं का?”

काका थोडे वरमले, मग थोडे चिडले. “अरे, कविता आहे ही. सामानाची यादी नाही.”

गटात असल्या उत्तराला मान मिळतो. कवितेला हिशेब विचारू नये, असा एक सभ्य समज आपल्याकडे आहेच. विषय तिथेच थांबला आणि चहापाण्याकडे वळला. पण त्या पोराच्या प्रश्नात दम होता, म्हणून मी गृहस्थांना विचारलं, एकदा निवांत बसून ही एकच कविता पुन्हा वाचायची का. ते तयार झाले, मनापासून नव्हे.

अडचण नेमकी कुठे

भावुक झाले, स्वतःबद्दलच लिहिलं, कवितेवर बोलले नाहीत, असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं. महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या तेच होत आलंय. विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली या अमेरिकन अभ्यासकांनी 1949 साली कवितेला तिच्या परिणामावरून जोखण्यालाच तर्कदोष ठरवलं, आणि तेव्हापासून अभिप्रायातला ‘मी’ हा संशयित आरोपी बनला. मला हे पटत नाही. ‘मी’ काढून टाकलेले अभिप्राय मी पुष्कळ वाचलेत. त्यांत ‘प्रतिमासृष्टी’, ‘अस्तित्वभान’, ‘आशयघनता’ असे शब्द एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे असतात आणि लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलं होतं की नाही याचा पत्ता लागत नाही.

या प्रकरणाशी जास्त जवळची गोष्ट त्याच्या वीस वर्षं आधीची. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता वाचायला द्यायचे आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा करायचे. 1929 च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये अशा 13 कवितांवरचे अभिप्राय त्यांनी छापले आणि वाचक कुठे-कुठे घसरतो याची यादी केली. एक घसरण अशी : कवितेतल्या एखाद्या तपशिलाने वाचकाला स्वतःचा एखादा प्रसंग आठवतो, तो त्या आठवणीच्या मागे जातो, आणि पुढे वाचत असतो ती आठवण. कविता हातात नुसती धरलेली असते. निळा दोरा दिसला, बाबांचा जुडगा आठवला, त्यापुढच्या ओळींवरून डोळे फिरले पण वाचन झालं नाही. आमच्या गृहस्थांचं अगदी हेच झालं होतं.

त्याच्याही कितीतरी आधी, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास काश्मिरात, अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या टीकेत रसास्वादाला आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक ‘निजसुखादिविवशीभाव’. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो की समोरच्या गोष्टीत त्याचं चित्त ठरत नाही. मला यात आवडतो तो पुढचा भाग. अभिनवगुप्त अशा प्रेक्षकाला घरी जा म्हणत नाही, रागावतही नाही. नाटकातलं वाद्यवादन, गाणं, सजवलेला मंडप हे याच कामासाठी असतं, असं तो म्हणतो. त्यांच्या रंगात ओढला गेला की अहृदय माणूसही सहृदय होतो. म्हणजे उपाय आहे आणि तो कानाडोळ्यांच्या वाटेने जातो, उपदेशाच्या वाटेने नाही.

छापील कवितासंग्रहात मंडप नसतो, वीणा नसते. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये भरपूर पांढरा कागद आणि थोडी शाई. मग वाचकाला त्याच्या दुःखातून बाहेर ओढायला राहतं काय? माझ्या मते एकच : आवाज.

मोठ्याने वाचणं

मी त्यांना कविता मोठ्याने वाचायला सांगितली. अर्थ सांगू नका, नुसती वाचा. त्यांनी वाचली. आवाज चांगला, पण ‘कोठी’पाशी थांबले आणि तिथून थेट ‘दाराच्या चौकटीवर’ आले. मधली ‘घरात कोठी नाही’ ही ओळ त्यांच्या तोंडून आलीच नाही. मुद्दाम गाळलेली नव्हती. विचारल्यावर “वाचली की!” म्हणाले. मी पान पुढे केलं.

दुसऱ्यांदा वाचताना ती ओळ आली, पण त्यांनी ती हळहळीच्या सुरात म्हटली. आमच्या घरात आता कोठी उरली नाही, असा काहीसा सूर. पुन्हा वाचा म्हटलं, या वेळी पहिल्या ओळीइतक्याच सपाट आवाजात. पहिल्या ओळीत आकडे आहेत, बारा आणि सहा. आकडे हळहळत वाचता येत नाहीत. त्या सुरात वाचल्यावर ‘घरात कोठी नाही’ ही ओळ तक्रार वाटेनाशी झाली, ती नोंद वाटू लागली. शोधून पाहिली, नाही.

मग मी एक कागद घेऊन त्यावर तीन रकाने पाडले. पहिल्यात जे छापलेलं आहे ते. दुसऱ्यात जे छापलेलं नाही पण छापलेल्यावरून काढता येतं ते. तिसऱ्यात जे आपण घरून आणलं ते. खर्ड्यातलं एकेक विधान कोणत्या रकान्यात जातं, ते त्यांनीच ठरवायचं. हिशेबतपासनीस माणूस, असलं काम त्यांच्या हातचा मळ. पाहता पाहता रंगात आले.

‘बाबा एकही टाकू देत नसत’ : तिसरा रकाना. कवितेत बाबा नाहीतच. ‘रेघा माझ्या आणि बहिणीच्या’ : रेघा पहिल्या रकान्यात, मुलं दुसऱ्यात (चौकटीवर पेन्सिलीने उंची मुलांचीच मोजतात), ‘माझ्या आणि बहिणीच्या’ तिसऱ्यात. ‘आजींना नाव आठवत नाही’ : यावर ते बराच वेळ घुटमळले. पेन्सिल दुसऱ्या रकान्यावर टेकवली, उचलली. “चुकीच्या नावानं एवढंच लिहिलंय,” म्हणाले. “विसरल्या असं नाही लिहिलेलं.”

इथपर्यंत मी जवळजवळ गप्पच होते. पुढचं त्यांचं त्यांनीच ओढून काढलं. चौकटीवरच्या रेघा कवितेत बोलणाऱ्याच्या स्वतःच्या असत्या, तर वाढ थांबली की मोजणं थांबलं, हा प्रश्न कशाला पडला असता? ते तर ठाऊकच असणार. उरलेल्या चाव्या कशाच्या हे सांगायला कोणी नाही म्हणतो, म्हणजे यालाही ठाऊक नाही. रात्री एकेक चावी लावून पाहतोय. आणि रंगारी बोलावलाय.

“घर विकताना रंग कोण काढतं?” त्यांनी स्वतःलाच विचारलं. मग म्हणाले, “हा माणूस इथे कधी राहिलेलाच नाही. हा घेणारा आहे.”

पुढचे काही क्षण ते कवितेबद्दल बोलले नाहीत. वर्षभरात घर घेणाऱ्याचा विचार त्यांनी एकदाही केला नव्हता. तो त्यांच्या लेखी एक सही होता आणि बँकेत जमा झालेली एक रक्कम. ताबा देताना मीटरचे आकडे, पंखे, नळ, गळकी जागा, सगळ्याची यादी त्यांनी वाचून दाखवली होती. जुडगा मात्र तसाच टेबलावर ठेवला. कोणती चावी कशाची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि समोरच्याने विचारलं नाही.

“ताई, ‘सांगायला कोणी नाही’ यातला कोणी म्हणजे मी आहे हो.”

माझ्या दृष्टीने हे सगळं प्रकरण या वाक्यासाठी लिहिण्यासारखं आहे. पहिल्या खर्ड्यातही ते कवितेत होते, पण कवितेने त्यांना जी जागा दिलीच नव्हती तिथे जाऊन बसले होते. खरी जागा दुसऱ्या ओळीत होती, गैरहजर माणसाची. ती सापडली तेव्हा अभिप्राय जास्तच वैयक्तिक झाला, कमी नाही. अभिप्रायातला ‘मी’ खोडला की वाचन वस्तुनिष्ठ होतं असं मानणाऱ्यांना हे कसं बसवायचं, ते त्यांनी पाहावं.

वारसाचा प्रश्न

इथे प्रकरण संपलं असतं तर जरा जास्तच सुबक झालं असतं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. हिशेब जुळला की खूश होणारा तपासनीस कच्चा, असं ते नेहमी म्हणतात. त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षाला आव्हान दिलं होतं.

“हा वारस असला तर? दुसरीकडे वाढलेला मुलगा किंवा पुतण्या. घर त्याच्याकडे आलंय, पण त्याला घराचं काही माहीत नाही. सांगणारे गेले. आजी त्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारतात, कारण तो बापासारखा दिसतो. म्हणून तो ओ देतो.”

मी निरुत्तर झाले, आणि आनंदलेही. ‘चाव्या’ एकटी घेतली तर या वाचनाला तिच्यातली एकही ओळ आडवी येत नाही. उलट ‘मी ओ देतो’ला एक वेगळाच पदर मिळतो. बापाच्या नावाला ओ देणं आणि परक्याच्या नावाला ओ देणं, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

मग निवाडा कसा करायचा? इथे संग्रह कामी आला. आपण कवितासंग्रह बहुधा मधूनच उघडतो, आवडलेल्या पानाला दुमड घालतो आणि तीच कविता पुन्हा पुन्हा वाचतो. त्यात वावगं काही नाही. पण आजचे बरेच संग्रह मासिकांतून विखुरलेल्या कविता एकत्र बांधून झालेले नसतात. ते पुस्तक म्हणूनच रचलेले असतात. क्रम हा त्यांतल्या आशयाचा भाग असतो. हेही तसं नवं नाही. अरुण कोलटकरांच्या 1976 च्या इंग्रजी ‘जेजुरी’त पहिली कविता बसची आणि शेवटची रेल्वे स्टेशनची आहे. मधलं देवस्थान या येण्या-जाण्याच्या चौकटीत बसवलेलं आहे. एखादी सुटी कविता वाचणाऱ्याला ती चौकट दिसणारच नाही.

तर आम्ही अनुक्रमणिका उघडली. गृहस्थांनी ती याआधी पाहिलीच नव्हती. पहिल्या विभागातल्या कविता विकणाऱ्यांच्या तोंडच्या. दुसऱ्यात दस्त, मोजणी, दलाल, साक्षीदार. तिसऱ्याचं नाव ‘ताबा’, आणि ‘चाव्या’ त्यात दुसरी. तिच्या आधीच्या कवितेत एक ओळ अशा आशयाची की त्यांनी पंखे ठेवले, दिवे नेले, होल्डर तसेच लोंबतायत. यातले ‘त्यांनी’ म्हणजे विकणारे, म्हणजे बोलणारा त्यांच्यातला नाही. नंतरच्या कवितेत जुन्या मालकाच्या नावाने टपाल येत राहतं आणि नवा रहिवासी ते परत न पाठवता खणात साठवतो. त्या टपालानंतर आजींची चुकीच्या नावाची हाक वाचली की ते नाव कोणाचं, याबद्दल फारशी शंका उरत नाही.

फारशी. कारण गृहस्थांचा पुढचा प्रश्न तयारच होता : एका विभागातला ‘मी’ सगळ्या कवितांत एकच असतो असं कुठे लिहिलंय? कादंबरीत तसं धरता येतं. कवितासंग्रहात शेजारच्या दोन कवितांचा ‘मी’ वेगळा असू शकतो, आणि पहिल्या विभागात तर आईचा, मुलाचा, सुनेचा असे आवाज आलटून पालटून येतातच. हा मुद्दा खोडून काढता येत नाही. मी एवढंच म्हणू शकले की तिसऱ्या विभागात आवाज बदलल्याची एकही खूण नाही, तर पहिल्या विभागात प्रत्येक बदल पहिल्या ओळीतच कळतो. म्हणजे खूण करायची तेव्हा हा कवी करतो. हा पुरावा परिस्थितिजन्य आहे, पण दुबळा नाही.

वाचकाला हवा तो अर्थ घेता येतो की नाही, हा वाद गटात दर दोन बैठकांनी उपटतो. अमेरिकन अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी 1938 पासून पुढे आयुष्यभर या प्रश्नावर लिहिलं. त्यांच्या मते कविता म्हणजे वाचक आणि संहिता यांच्यात घडणारी घटना. ती दर वाचकागणिक वेगळी घडते, पण संहितेशी उघड विसंगत असलेलं वाचन टिकत नाही. कामाच्या टेबलावर मी हे आणखी खडबडीत करून वापरते : तुमच्या अर्थासाठी एखादी ओळ गाळावी लागते का? पहिल्या खर्ड्यातल्या वाचनाला ‘घरात कोठी नाही’ गाळावी लागली, आणि मोठ्याने वाचताना ती खरोखरच गळली. घेणाऱ्याच्या वाचनाला काहीच गाळावं लागत नाही. वारसाच्या वाचनाला कवितेतलं काही गाळावं लागत नाही, पण आजूबाजूच्या कविता बाजूला ठेवाव्या लागतात. तिन्ही वाचनं एकाच मापाची नाहीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक पहिल्या-दुसऱ्यातल्या फरकापेक्षा बराच लहान आहे.

दुसरा खर्डा

दुसऱ्या खर्ड्यातून बहीण गेली, बाबाही जवळजवळ गेले. चाव्या राहिल्या. मधला एक परिच्छेद :

“मी या कवितेत जुना मालक होऊन शिरलो आणि माझंच घर पाहून आलो. पुन्हा वाचल्यावर कळलं की बोलणारा दुसराच आहे, आणि माझ्यासारख्या माणसाने न सांगितलेल्या गोष्टींशी झटतो आहे. कवितेत ‘घर’ हा शब्द एकदाच येतो, तोही नसलेल्या खोलीसाठी. दुःख, आठवण, ओलावा असला एकही शब्द नाही. रंगाऱ्याला तो नको म्हणत नाही, उद्या बघू म्हणतो. परक्याच्या मुलांच्या रेघा पुसायला त्याचा हात धजत नाही आणि ठेवायला कारण सापडत नाही. इतका संकोच माझ्या घरात आता कोणी करत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.”

‘उद्या बघू’चं हे वाचन माझ्या नजरेतून सुटलं होतं. ते त्यांचं स्वतःचं, आणि पहिल्या रकान्यातल्या शब्दांवर उभं आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली जी गटात क्वचितच होते. न आवडलेल्या कवितांवर त्यांनी सरळ लिहिलं. दुसऱ्या विभागातल्या बऱ्याच कविता दस्तातली भाषा जशीच्या तशी ओळींत तोडून केलेल्या आहेत. “असले कागद मी रोज पाहतो, ओळी तोडल्याने त्यांची कविता होत नाही,” असं त्यांचं मत. मला यातल्या दोन कविता बऱ्यापैकी वाटतात, पण मी बोलले नाही. वैयक्तिक अभिप्राय म्हणजे हळवा अभिप्राय, हा समज मोडायला अशी दोन कडक वाक्यं उपयोगी पडतात.

गटातली चर्चा

दुसरा खर्डा वाचल्यावर मतं फाटली. एका ज्येष्ठ सभासदांना पहिलाच बरा वाटला. “त्यात माणूस दिसत होता, यात विद्यार्थी दिसतो,” म्हणाल्या. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. वडिलांवरचा परिच्छेद गेला हे नुकसानच आहे. पण तो परिच्छेद ललित लेखाचा होता आणि त्याला या कवितेची गरज नव्हती, कुठल्याही चाव्यांवरून तो सुचला असता. तो वेगळा लिहावा, असं मी सुचवलं.

त्याच बाईंनी दुसरा एक मुद्दा काढला, तो जास्त अवघड. या गृहस्थांना सगळं सापडलं कारण त्यांनी घर विकलेलं होतं. ज्याच्या आयुष्यात कवितेतलं काहीच घडलेलं नाही त्याने वैयक्तिक अभिप्राय कशाच्या जोरावर द्यायचा? मला लगेच नामदेव ढसाळांचा मुंबईच्या वेश्यावस्तीतलं जग मांडणारा 1972 चा संग्रह ‘गोलपिठा’ आठवला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. पांढरपेशा जगाची हद्द जिथे संपते तिथून हे जग सुरू होतं, असं सांगून ते आपण कुठून वाचतो आहोत हे आधी स्पष्ट करतात. त्या जगाचा असल्याचा आव आणत नाहीत. आठवण नसलेल्या वाचकाकडेही एक वैयक्तिक गोष्ट असते, त्याचं अंतर. ते अंतर नेमकं मोजून लिहिलं तर अभिप्राय होतो. आमचे गृहस्थ पहिल्या खर्ड्यात कमी पडले ते अंतर नसल्यामुळेच, असं मी म्हणेन. तपशील इतके जवळचे होते की त्यांना वाचायची गरजच वाटली नाही.

तरुण सभासदाचं म्हणणं, कवी हयात आहे, पत्ता पुस्तकात आहे, विचारून टाकू की बोलणारा कोण. आम्ही विचारलं नाही. कवीचं उत्तर आलं असतं तर त्या दिवसापासून कोणी ‘टपाल’ आणि ‘चाव्या’ शेजारी ठेवून वाचल्या नसत्या, उत्तरच वाचलं असतं. आणि कवीने ‘वारस’ म्हटलं असतं तरी होल्डर लोंबायचे ते लोंबतच राहिले असते.

नोंदवहीत

गटाच्या नोंदवहीत अभिप्राय उतरवण्याआधी मी त्यावर पेन्सिल फिरवली. वारसाच्या शक्यतेचं एक वाक्य शेवटच्या परिच्छेदात होतं. मला ते अवांतर वाटलं. युक्तिवाद नीट बांधत आणलाय आणि शेवटी स्वतःच सैल सोडलाय, असं म्हणून मी ते कंसात टाकलं, म्हणजे काढायचं.

त्यांनी कंस खोडला. “ताई, शंका मिटलेली नाही तर शेरा राहणार. आमच्याकडे तसाच नियम आहे.” वाक्य राहिलं. त्याखाली त्यांनी आपल्या बारीक अक्षरात तिन्ही कवितांचे पृष्ठक्रमांक घातले आणि वही पुढच्या सभासदाकडे सरकवली.